साळिंदरांची पुनर्बांधणी

मानवजातीला आजवर कोणी तारलं असेल तर ते आशेनं. साम्राज्यं लयाला गेली, नद्यांनी वाटा बदलल्या, सिंहासनांना वाळवी लागली, पण आशेचा दिवा पिढ्यानपिढ्या तेवत राहिला आणि त्याच्या उजेडात माणूस चालत राहिला.

हा विचार मला सुचला तेव्हा मी माझ्याच कॅम्परमध्ये, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घरात, संडासाच्या बंद झाकणावर बसलो होतो. दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली बायकोच्या कोटाच्या खिशात होती, बायको स्टेडियममध्ये होती, आणि तिच्या शेजारच्या माझ्या खुर्चीवर माझं जुनं जाकीट बसून सामना बघत होतं.

आमच्या एल्डन गावात मूल जन्मलं की आधी त्याला काटेरी टोपी घालतात, मग नाव ठेवतात. काटे रबराचे असतात. आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव साळिंदर. गरुड, लांडगे, वादळं ही नावं नेब्रास्का राज्यातल्या बाकीच्या कॉलेजांनी आधीच पळवली होती. आमच्या पूर्वजांना बहुधा सकाळी लवकर उठायची सवय नव्हती. साळिंदर कोणावर धावून जात नाही. कोणीतरी येऊन आपल्यावर आदळेल, मग बघू, असा त्याचा स्वभाव. आमचा बचावही त्याच धोरणावर चालतो, फक्त काट्यांची सोय अजून झालेली नाही.

दर ऑगस्टमध्ये चर्चच्या तळघरात जेवण असतं. तिथे कोच उभा राहतो, तोंड पुसतो आणि सांगतो की हा मोसम पुनर्बांधणीचा आहे. वादळात कोसळलेलं आमचं धान्याचं कोठार दोन वर्षांत पुन्हा उभं राहिलं. चर्चचा मनोरा एका उन्हाळ्यात झाला. संघाची पुनर्बांधणी मात्र माझे केस काळे होते तेव्हापासून चालू आहे. कोच बदलतात, आणि प्रत्येक जण आधीच्याचा खड्डा बुजवून शेजारी नवा खणतो. आम्ही टाळ्या वाजवतो. आम्हाला दुसरा इलाज नाही. माझ्या वडिलांनी जाताना शेत भावाला दिलं आणि स्टेडियममधल्या दोन खुर्च्या मला. भाऊ शेत विकून ॲरिझोनाच्या उन्हात गेला. मी खुर्च्या कोणाला विकणार?

पण यंदाची गोष्ट निराळी होती. यंदा मॅरिट खेळणार होती.

मॅरिट म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. खेळाचं नाव फुटबॉल असलं, तरी चेंडूला पाय लावायचं काम आख्ख्या संघात जेमतेम एका-दोघांचं, आणि ते मॅरिटला येतं. आमच्या अंगणातल्या विजेच्या तारेवरून चेंडू मारायला तिला मीच शिकवलं. चेंडू मी बोटानं उभा धरायचो, ती पळत येऊन मारायची. माझ्या डाव्या हाताचं एक बोट अजून नीट वाकत नाही. कॉलेजात तीन वर्षं ती राखीव होती. तीन वर्षं दर शनिवारी मी तिला बाकावर बसलेली पाहिली. फार सुंदर बसते ती. शेवटच्या वर्षी तिच्या पुढचा पोरगा पास होऊन गेला आणि जागा तिची झाली. एल्डनच्या मैदानावर, भरल्या स्टेडियमसमोर, तिचा चेंडू दोन खांबांच्या मधून जाताना बघायचा, एवढंच मला यंदा हवं होतं. जिंकणं वगैरे चैन मी कधीच सोडून दिली होती.

मोसमाच्या पहिल्या सामन्यात आम्ही मध्यंतरालाच चौदा गुणांनी मागे होतो. लव्हॉन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "गेलन, असाही तू नुसते सुस्कारे टाकतोयस. जाऊन दालचिनीचे पाव घेऊन ये."

उत्तरेच्या खांबांमागे गवताचा उतार आहे. सामन्याच्या दिवशी सगळं गाव तिथे गाड्या लावतं, चुली पेटवतं आणि मांस भाजतं. आमचा कॅम्परही तिथेच असतो. मी आत गेलो, वाऱ्यानं दार आपटलं आणि कडीचा खटका तुटून बाहेरच्या बाहेर पडला. मी दार ठोकलं, ओरडलो. तेवढ्यात स्टेडियममध्ये लोक ओरडले. मी पुन्हा ओरडलो, ते माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. असं बराच वेळ चाललं. शेवटी पावांसाठी भुकेलेली लव्हॉन मला शोधत आली तेव्हा आम्ही तीन टचडाउनचे एकवीस गुण मिळवून जिंकलो होतो, आणि मॅरिटनं एकही चेंडू चुकवला नव्हता.

तिच्या मागोमाग डेल्बर्ट आला. डेल्बर्ट हॅव्हलिचेक हा गावातला निवृत्त दंतवैद्य, स्टेडियममध्ये आमच्या मागच्याच ओळीत बसतो. आयुष्यभर त्याच्याशी वाद घालणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात काहीतरी कोंबलेलं असायचं, त्यामुळे आपलं म्हणणं चुकू शकतं याचा त्याला अनुभव नाही.

"तू कुठे होतास?" त्यानं विचारलं.

"अडकलो होतो."

"कधीपासून?"

"मध्यंतरापासून."

"सतत? की मध्येच बाहेर आलास?"

"दाढ दुखत नाहीये माझी, डेल्बर्ट. अडकलो होतो."

"सतत," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं त्या तुटक्या खटक्याकडे असं पाहिलं, की चर्चमध्येसुद्धा मी त्याला कशाकडे तसं बघताना पाहिलेलं नाही.

पुढच्या घरच्या सामन्याला मी माझ्या खुर्चीत बसलो. मॅरिट मैदानात आली. अगदी जवळून मारायचं होतं, अंगणातली तार याहून लांब होती. चेंडू खांबाला लागून परत आला. एका गुणानं हरलो.

नेब्रास्कात माणसं चिडली की ओरडत नाहीत. फार गोड बोलतात. "तुझा काही संबंध नाही हं, गेलन," पुढच्या ओळीतल्या बाई मागे न वळता म्हणाल्या. मी काही विचारलंच नव्हतं. "वारा होता," पास्टर नॉर्डक्विस्ट म्हणाले. झेंडा खांबाला चिकटून लोंबत होता.

बुधवारी मॅरिट घरी आली. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या तिनं सफरचंदाच्या पायचे दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा काट्यानं उगाच टोचत राहिली.

"आजोबा, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"तू कॅम्परमध्ये बसशील?"

"तुला डेल्बर्टनं पाठवलं का?"

"नाही रे. मीच म्हणतेय." तिनं काटा खाली ठेवला. "तू बघतोयस हे माहीत असलं ना, की पाय जड होतो. असं वाटतं, अंगणात आहोत आणि तू चेंडू धरून बसलायस, आणि चुकलं तर तुझं बोट मोडेल."

मी वाकडं बोट टेबलाखाली घेतलं. "मोडलं तर मोडलं. नऊ आहेत की अजून."

"आजोबा."

"बसतो," मी म्हणालो. "त्यात काय एवढं? तिथे हीटर आहे."

अशा रीतीनं मी आत गेलो. डेल्बर्टनं नियम केले. कॅम्पर स्टेडियमकडे पाठ करून लावायचा, म्हणजे एकुलत्या खिडकीतून मला तात्पुरत्या संडासांची रांग आणि तिच्यापलीकडे कापणी झालेलं मक्याचं रान दिसेल. रेडिओ बंद. "रेडिओ ऐकलास की तू मनात बघणार," तो म्हणाला. कडी दुरुस्त करण्याऐवजी त्यानं बाहेरून नवं कुलूप बसवलं. पास्टर नॉर्डक्विस्ट शेजारी उभे राहून म्हणाले, "गेलन, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं हे पाप आहे, हे मी स्पष्ट सांगून ठेवतो." मग त्यांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

"पास्टर, मग ओढून कशाला बघताय?"

"चोर फार झालेत," ते म्हणाले.

आम्ही जिंकलो. मग पुन्हा जिंकलो. बाहेरगावच्या सामन्यांना लव्हॉन मला अंगणातच कॅम्परमध्ये बसवून कुलूप लावायची. शेजारी कुंपणावरून खिडकीतून केक द्यायचे. किराणा दुकानात अनोळखी माणसं माझा हात हातात घेऊन म्हणायची, "थोडेच दिवस राहिलेत, धीर धरा." एकदा तर एका म्हातारीनं मला विचारलं, आत जरा कमी जेवलास तर बचाव सुधारेल का?

आत बसून मी ओरडण्यांचा जाणकार झालो. पुढे सरकल्याचं ओरडणं पोटातून येतं, पंचाचा निर्णय विरुद्ध गेल्याचं नाकातून. आणि मॅरिट मारायला आली की कोणीच ओरडत नाही. बँड मध्येच थांबतो. आमच्या गावात एवढी शांतता दफनालाही नसते. त्या शांततेत मी भिंतीला तळवा टेकवून उभा राहायचो. मग गर्जना व्हायची आणि पत्रा थरथरायचा. माझ्या नातीचा खेळ मी तळहातानं बघत होतो.

नंतर लव्हॉन कुलूप उघडायची.

"कसं झालं?"

"मारला तिनं."

"अगं पण कसा मारला?"

"पायानं."

"उंच गेला? डावीकडून वळला? खांबाच्या किती वरून गेला?"

"गेलन, मी डोळे मिटले होते," लव्हॉन म्हणायची. आमच्या ओळीतल्या सगळ्यांनीच मिटलेले असायचे. मॅरिटचे चेंडू गावात कोणीच बघत नव्हतं, पण कुलूप फक्त मला होतं.

नोव्हेंबरातला शेवटचा घरचा सामना आला. जिंकलो तर आमचा गटात पहिला नंबर येणार होता, जे गावातल्या तरुणांनी फक्त ऐकलं होतं. शिवाय पुढच्या शनिवारी दूर मोंटानात बाद फेरी. पण मला एकच हिशेब कळत होता. एल्डनच्या मैदानावर मॅरिटचा हा शेवटचा सामना होता. यानंतर ती पदवी घेणार, ओमाहात नोकरीला लागणार, आणि चेंडूचा संबंध संपला.

सकाळी मी लव्हॉनला म्हणालो, "आज मी टोपी बदलून येतो. गर्दीत मागे उभा राहतो. तिला कळणारही नाही."

"आणि हरलो तर?"

"हरलो तर हरलो. आपल्याला काय नवीन आहे?"

लव्हॉननं मला कॅम्परमध्ये ढकललं. मग माझ्या मफलरची गाठ घट्ट केली. "तिनं तुला एकच गोष्ट मागितलीय," ती म्हणाली आणि दार लावलं. कुलूप लागल्याचा आवाज आला. मग पास्टरांनी ते दोनदा ओढल्याचाही आला.

स्टोव्हवर लव्हॉनची चिली होती. मांस, राजमा आणि मिरचीचा तो लालभडक रस्सा तिनं आदल्या दिवसापासून शिजवला होता. पातेलं असं, की त्यात वासरू धुता येईल. सामना संपल्यावर सगळा उतार वाडगे घेऊन येतो आणि दालचिनीच्या गोड पावाबरोबर ती चिली खातो. आच बंद करून, पातेल्याला टॉवेल गुंडाळून ती गेली होती. त्या वासात मी कोंडून बसलो. खिडकीत संडासांची रांग होती. एक माणूस धावत आत गेला, धावतच बाहेर आला. त्याचा हेवा वाटावा अशी माझी अवस्था झाली होती.

दुपार सरली. ओरडणी ऐकून मला कळत होतं की सामना अटीतटीचा आहे. नाकातली आणि पोटातली ओरडणी बरोबरीत होती. आणि मग बँड थांबला.

भोंग्यावरून उद्घोषक बोलला. दोन गुणांनी मागे, तीन सेकंद बाकी, आणि मॅरिट मारणार, उत्तरेच्या खांबांकडे. म्हणजे माझ्याकडे तोंड करून. मारला तर तीन गुण.

मी भिंतीला तळवा टेकवला. शिट्टी वाजली. समोरच्या संघानं टाइमआउट घेतला होता. हा या खेळातला अधिकृत दुष्टपणा. मारणाऱ्याला ऐनवेळी थांबवायचं, थंडीत उभं करायचं, त्याच्या पायातला जीव विचार करून करून गोठेल याची वाट बघायची. मला माझी पोर दिसली, म्हणजे दिसली नाही, आणि तेच मला सोसेना. तीही मैदानात मधोमध अडकली होती, मीही अडकलो होतो, आणि आमच्या मध्ये एक पत्रा होता.

कॅम्परच्या छताला एक झडप आहे. आग लागली तर बाहेर पडायला. ती कॅम्पर बनवणाऱ्यांनी ठेवली तेव्हा त्यांनी कोणत्या तरी सडपातळ माणसाला डोळ्यांसमोर ठेवलं असावं. मी बाकावर चढलो, झडप ढकलली, डोकं बाहेर काढलं, एक हात काढला, मग दुसरा. खांदे तिरके करून निघाले. वर सरकायला डाव्या पायाला आधार हवा होता. मी चाचपडलो. काहीतरी गडगडत खाली पडलं आणि पाय ऊबदार, मऊ अशा कशात तरी घोट्यापर्यंत गेला. तळ लागला. मी जोर दिला आणि वर आलो तो पोटापर्यंत. तिथे झडपेनं मला पकडलं. ना वर, ना खाली.

पण समोर मैदान होतं.

स्टेडियमच्या उत्तरेला भिंत नाही. हिरवं गवत, पिवळे खांब, आणि लांबवर लाल जर्सीतली एवढीशी मॅरिट. ती हात झटकत होती. मान वाकवून जमिनीकडे बघत होती. अंगणातही चुकायच्या आधी ती असंच जमिनीकडे बघायची. मी ओरडलो नाही. श्वासही घेतला नाही. झडपेमुळे घेता येतही नव्हता. तिनं खांबांचा अंदाज घ्यायला मान वर केली, आणि ती तशीच थांबली. मला राहवलं नाही. मी डावा हात वर केला आणि ते वाकडं बोट दाखवलं.

शिट्टी झाली. चेंडू मागे आला, कोणीतरी तो उभा धरला, मॅरिट तीन पावलं पळाली. आवाज माझ्यापर्यंत उशिरा पोचला, आधी चेंडू उडालेला दिसला. तो उजवीकडे फारच बाहेर निघाला होता. मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि तो आत वळला. अंगणातल्या तारेवरून वळायचा तसाच. उजव्या खांबापासून हातभर आतून तो गेला आणि गवतावर आपटून कॅम्परच्या दिशेनं घरंगळत आला.

स्टेडियममध्ये हजारो माणसांनी डोळे उघडले.

लोक उतारावर धावत आले. सगळ्यांत पुढे वाडगा घेऊन डेल्बर्ट. कॅम्परच्या छतातून उगवलेला मी दिसल्यावर तो जागच्या जागी थांबला. त्याच्या पाठीवर पास्टर आदळले.

"तू बाहेर आहेस," डेल्बर्ट म्हणाला.

"अर्धा."

"सामना चालू असताना बाहेर होतास?"

"चेंडू मारताना. सगळं बघितलं मी, डेल्बर्ट. आता कुलूप काढ, संपली तुझी ती थिअरी."

डेल्बर्टनं विचार केला. त्याच्या मागे गाव गोळा झालं आणि तेही विचार करू लागलं. "नाही, नाही," तो हळूच म्हणाला. "आधी पूर्ण आत होतास तेव्हा दोन गुणांनी मागे होतो. अर्धा बाहेर आलास आणि जिंकलो. पास्टर, म्हणजे इतके दिवस आपलं प्रमाण चुकत होतं."

"मी असल्या गोष्टी मानत नाही," पास्टर म्हणाले. "पण पोट नेमकं कुठे आहे ते लिहून ठेवा."

डेल्बर्ट मागच्या शिडीनं वर चढला आणि त्यानं खिशातल्या पेनानं माझ्या शर्टावर, छताच्या रेषेत, एक खूण केली. "हलू नकोस. मोंटानाला असाच न्यायचा."

"बारा तासांचा रस्ता आहे!"

"टोपी घाल."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. मॅरिट आली. हातात हेल्मेट, गुडघ्यांना माती. खाली उभी राहून तिनं वर पाहिलं.

"तुला सांगितलं होतं ना, आत बस म्हणून," ती म्हणाली.

"बसलो होतो. सगळा मोसम बसलो होतो. पण आजचा शेवटचा होता, बाळ. पाय जड झाला असेल तुझा, माझं चुकलं."

"दगड झाला होता." ती हसली आणि तिनं मनगटानं नाक पुसलं. "मग वर बघितलं तर खांबांच्या मधोमध तू. कॅम्परला कोंब फुटल्यासारखा. वर ते बोट दाखवतोयस. मला इतकं हसू आलं, की पायाचं विसरूनच गेले. कसा गेला रे? मला नीट दिसलंच नाही, डोळ्यांत पाणी होतं."

"उजवीकडून आत वळला," मी म्हणालो. "उजव्या खांबाच्या हातभर आतून. तारेवरून जायचा तसा. मी पाहिला."

बायका डोळे पुसायला लागल्या. बँडनं कॉलेजचं गीत सुरू केलं. पास्टरांनी काटेरी टोपी काढून छातीशी धरली, डेल्बर्टनंही शिडीवरूनच काढली, आणि मावळत्या उन्हात सगळं एल्डन त्या कॅम्परभोवती गात उभं राहिलं. प्रत्येकाच्या हातात वाडगा होता. खाली कुलूप उघडल्याचा आवाज आला. हातात डाव घेऊन लव्हॉन आत गेली, आणि पहिला वाडगा पुढे झाला.

"मॅरिट," मी हळूच म्हणालो, "आजीला सांग, वाढायच्या आधी पातेल्यातून माझा डावा बूट तेवढा काढून घे."